रामबाण शोधणारा डॉक्टर

फेब्रुवारी-मार्च महिन्यांत कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात ओपीडीला बसले की रुग्णांच्या हातांवरून हंगाम कळतो. हळद काढणे, शिजवणे, वाळवणे चालू असते. तळहात, नखांच्या कडा, सदऱ्याच्या बाह्या, सगळे पिवळे. अशा दिवसांत कावीळ ओळखताना डॉक्टरला जरा जपावे लागते. हाताचा पिवळेपणा हळदीचा असू शकतो, डोळ्यांतला पिवळेपणा मात्र हळदीने येत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच हंगामात एक शेतमजूर काका आले. हात पिवळे होते आणि डोळेही पिवळे होते. पोटात पाणी झालेले, वजन उतरलेले, उजव्या बरगडीखाली हाताला लागेल असा कडक गोळा. सोनोग्राफीत यकृतात मोठी गाठ दिसली. पुढच्या तपासण्या मोठ्या रुग्णालयात झाल्या आणि यकृताचा कर्करोग असल्याचे ठरले. कागद घेऊन त्यांचा मुलगा परत माझ्याकडे आला. त्याने विचारलेला प्रश्न मी अजून विसरलो नाही. रोग लिव्हरमध्ये आहे, तर केमोचे औषध हाताच्या शिरेतून का देतात? केस का गळतात, तोंड का येते, उलट्या का होतात? औषध थेट लिव्हरलाच का पोचवता येत नाही?

ओपीडीत रांग होती. मी जुजबी उत्तर देऊन त्याला वाटेला लावले. पण हा प्रश्न साधा नव्हता. सव्वाशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने याच प्रश्नापायी सारे आयुष्य घालवले. त्याचे नाव पॉल एर्लिख. केमोथेरपी हा शब्दही त्यानेच रूढ केला. आज त्याची गोष्ट सांगायची आहे, कारण तिच्यात त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

पॉल एर्लिखचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी श्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा प्रशियाच्या राज्यात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडील मद्य गाळण्याचा व्यवसाय करत. आईच्या बाजूचा कार्ल वायगर्ट हा भाऊ पॉलपेक्षा नऊ वर्षांनी मोठा होता. तो पुढे नावाजलेला पॅथॉलॉजिस्ट झाला. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे ऊतींचे काप रंगवण्याची विद्या पॉलला या भावाकडून मिळाली.

तो काळ रंगांचा होता. पॉल दोन वर्षांचा असताना, १८५६ मध्ये, लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरापासून मलेरियावरचे क्विनाइन बनवायचा प्रयत्न करत होता. क्विनाइन झाले नाही, पण भांड्यात जांभळा रंग तयार झाला. तिथून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला आणि जर्मनीत रंगांचे मोठमोठे कारखाने निघाले. औषध शोधायला गेलेल्या माणसाच्या हाती रंग लागला होता. एर्लिखच्या बाबतीत पुढे नेमके उलटे घडायचे होते.

शाळेत पॉल काही चमकणारा विद्यार्थी नव्हता. वैद्यकीय शिक्षणासाठी तो ब्रेस्लाउ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग आणि लाइपझिग अशी विद्यापीठे फिरला. पाठांतरात त्याचे मन रमत नसे. त्याचे टेबल, बोटे, कपडे मात्र सदा रंगलेले असत. त्याला एका गोष्टीचे कुतूहल होते. एकच रंग एकाच कापावर टाकला तरी सगळ्या पेशी सारख्या रंगत नाहीत. एक पेशी रंग धरते, शेजारची सोडून देते. कापूस आणि रेशीम एकाच रंगात बुडवले तर दोन्ही सारखे रंगत नाहीत, हे कोणीही रंगारी सांगेल. एर्लिखने विचारले, असे का? रंगाच्या रेणूत आणि त्या पेशीत असे काय नाते आहे? १८७८ मध्ये लाइपझिगला त्याने याच विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरची पदवी घेतली. आज ॲलर्जीच्या संदर्भात ज्यांचे नाव नेहमी येते त्या मास्ट पेशी त्याला याच अभ्यासात सापडल्या.

पदवीनंतर एर्लिख बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात रुजू झाले. त्यांचे वरिष्ठ थिओडोर फ्रेरिख्स हे यकृताच्या आजारांवरचे त्या काळातले सर्वांत मोठे जाणकार. त्यांनी या तरुणाला वॉर्डाच्या कामात फार न अडकवता प्रयोगांना मोकळीक दिली. एर्लिख यांनी रक्ताचे थेंब काचेवर पसरून रंगवले आणि पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे केले. आज रक्ततपासणीच्या कागदावर इओसिनोफिल, न्यूट्रोफिल असे आकडे येतात, त्या मोजणीचा पाया हा आहे.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. एर्लिख त्या सभेत होते. कॉख यांची रंगवण्याची पद्धत किचकट होती. एर्लिख यांनी काही आठवड्यांतच सोपी आणि अधिक भरवशाची पद्धत काढली. क्षयाच्या जंतूने एकदा रंग धरला की आम्लाने धुतले तरी तो सोडत नाही, हे त्यांनी दाखवले. झील आणि नील्सन यांनी त्यात थोडे बदल केले, आणि आजही तालुक्याच्या दवाखान्यात थुंकीची काच तपासताना त्याच तत्त्वावर काम होते.

यकृताच्या रुग्णाशी तर एर्लिख यांचा रोजचा संबंध आहे. १८८३ च्या सुमारास त्यांनी डायझो नावाची एक रासायनिक अभिक्रिया वापरात आणली. कावीळ झालेल्या माणसाच्या शरीरात साठणारे बिलिरुबिन तिच्यामुळे रंग बदलते. त्यावरून पुढे रक्तातले बिलिरुबिन मोजण्याची चाचणी तयार झाली. त्या शेतमजूर काकांच्या पहिल्या रिपोर्टवरचा बिलिरुबिनचा आकडा ज्या पद्धतीने निघाला, तिचे मूळ तिथे आहे.

इथपर्यंत एर्लिख यांनी मृत ऊती रंगवल्या होत्या. मग त्यांनी एक धाडसी पाऊल टाकले. जिवंत प्राण्याच्या रक्तात रंग सोडला तर तो कुठे जाईल? १८८५ आणि १८८६ च्या त्यांच्या प्रयोगांत वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अवयवांत जाऊन बसले. मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग जिवंत मज्जातंतूंच्या टोकांना निवडून रंगवत होता. काही रंगांनी सारे शरीर रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूला या रंगांची ओढच नसावी, असा अर्थ त्यांनी लावला. तो चुकीचा होता. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी तसा रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे मेंदूची पेशी रंग नाकारत नव्हती, रंग तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पहारा होता.

औषधशास्त्रातला हा फार मोठा धडा आहे. औषध लागू पडले नाही म्हणजे ते निकामीच होते, असे नाही. कदाचित ते वाटेतच अडले असेल.

याच सुमारास एर्लिख यांच्यावर दुहेरी संकट आले. १८८५ मध्ये फ्रेरिख्स वारले आणि नव्या वरिष्ठांच्या हाताखाली संशोधनाची मोकळीक गेली. १८८८ मध्ये त्यांना स्वतःच्या थुंकीत क्षयाचे जंतू दिसले. पत्नी हेडविगबरोबर ते कोरड्या हवेसाठी इजिप्तला गेले आणि पुढच्या वर्षी बरे होऊन परतले. नोकरी नव्हती. भाड्याच्या छोट्या जागेत प्रयोगशाळा थाटून त्यांनी काम सुरू ठेवले. मग कॉख यांनी त्यांना आपल्या संस्थेत बोलावून घेतले.

१८९१ मध्ये एर्लिख आणि पॉल गुटमन यांनी मलेरियाच्या दोन रुग्णांना मेथिलीन ब्लू दिले. मलेरियाचा परजीवी हा रंग धरतो हे माहीत होते. जो रंग परजीवीला धरतो, तो त्याला मारणारही नाही का, असा विचार त्यामागे होता. रुग्णांना गुण आला. रंगाचे औषध झाले. क्विनाइनपुढे ते टिकले नाही, पण दार उघडले. मेथिलीन ब्लू आजही आमच्या उपयोगी पडते. काही रसायनांच्या विषबाधेत रक्त चॉकलेटी रंगाचे होते, ओठ निळे पडतात आणि रक्ताला प्राणवायू पोचवता येत नाही. अशा रुग्णाला शिरेतून हाच निळा रंग देतात.

पुढची काही वर्षे घटसर्पाच्या लसद्रव्यात गेली. एमिल फॉन बेरिंग यांनी घटसर्पावर प्राण्यांच्या रक्तापासून उतारा शोधला होता, पण प्रत्येक खेपेला त्याची ताकद वेगळी निघे. एर्लिख यांनी ती मोजण्याचे एकक ठरवले आणि त्या उताऱ्याचे भरवशाचे औषध झाले. आर्थिक व्यवहारावरून बेरिंग यांच्याशी मात्र त्यांचे कायमचे बिनसले. विष आणि उतारा एकमेकांना कसे पकडतात याचा विचार करताना १८९७ मध्ये त्यांनी एक सिद्धांत मांडला. पेशीच्या अंगावर ठरावीक आकाराचे हात असतात आणि त्या आकाराला जुळणारा रेणूच त्यांना चिकटतो. कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते तसे. आज आपण ज्याला रिसेप्टर म्हणतो, ती ही कल्पना. रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि इल्या मेचनिकॉफ यांना विभागून मिळाले.

१८९९ पासून एर्लिख फ्रँकफर्टला होते. १९०६ मध्ये एका बँकरच्या विधवा पत्नीने, फ्रान्झिस्का श्पायर यांनी दिलेल्या देणगीतून त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिथला त्यांचा दिनक्रम विलक्षण होता. दिवसाला पंचवीसएक कडक सिगार, जेवणाकडे दुर्लक्ष, खोलीभर पुस्तकांचे ढीग, फावल्या वेळात रहस्यकथा. प्रत्येक सहकाऱ्याने त्या दिवशी काय करायचे हे ते रंगीत कागदांवर लिहून देत आणि ते झाले की नाही हे विसरत नसत.

त्यांच्या डोक्यात एकच ध्यास होता. रोगाच्या जंतूलाच जाऊन चिकटेल, रुग्णाच्या पेशींना सोडून देईल असे रसायन हवे. युरोपच्या लोककथांत नेम धरून हमखास लागणारी जादूची गोळी असते, तिची उपमा ते देत. आपल्याकडे यासाठी फार जुना शब्द आहे, रामबाण. तो आपण हमखास गुणाचे औषध या अर्थाने सरसकट वापरतो. पण बाणाचा खरा गुण त्याच्या नेमात आहे. भात्यातून निघालेला बाण लक्ष्यावरच लागतो, वाटेतल्या कोणाला लागत नाही. एर्लिख यांच्या मते अशा औषधाला दोन भाग हवेत. एक पकडणारा, दुसरा मारणारा.

१९०४ मध्ये कियोशी शिगा या जपानी सहकाऱ्याबरोबर त्यांनी ट्रायपॅन रेड हा लाल रंग शोधला. एका परजीवीची लागण झालेले उंदीर त्याने बरे होत. मग आर्सेनिकची, म्हणजे सोमलाची पाळी आली. अटॉक्सिल नावाचे आर्सेनिकयुक्त औषध परजीवींना मारत असे, पण काही रुग्णांची दृष्टी जाई. आल्फ्रेड बेर्थहाइम या रसायनतज्ज्ञाने त्याची खरी रचना उलगडली आणि त्यात बदल करून नवी रसायने बनवण्याचा धडाका सुरू झाला. ६०६ क्रमांकाचे रसायन १९०७ मध्ये तयार झाले, पण तपासणीत निरुपयोगी ठरवून बाजूला पडले. १९०९ मध्ये जपानहून साहाचिरो हाता आले. सिफिलिस म्हणजे उपदंशाची लागण सशांना करण्याची पद्धत त्यांना अवगत होती. त्यांनी जुनी रसायने पुन्हा तपासली आणि ६०६ ने सशांच्या जखमा भरल्या. १९१० मध्ये हे जाहीर झाले आणि त्याच वर्षी सालवर्सान या नावाने औषध बाजारात आले. त्याआधी सुमारे ६५ हजार मात्रा डॉक्टरांना चाचणीसाठी फुकट वाटल्या होत्या. पाऱ्याशिवाय दुसरा उपाय नसलेल्या आणि माणसाला वेड लावून मारणाऱ्या रोगावर पहिले खरे औषध मिळाले.

गोष्ट इथे संपली असती तर सुखान्त ठरली असती. पण एर्लिख यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ आता सुरू झाला, आणि त्याचे कारण औषध पोचवणे हे होते. सालवर्सानची पिवळी भुकटी हवेतल्या प्राणवायूने बिघडे, म्हणून ती बंद काचेच्या नळीत ठेवावी लागे. ती पाण्यात विरघळवून, कॉस्टिक सोडा घालून आम्लता मारून, ताबडतोब टोचावी लागे. स्नायूत दिली की भयंकर दुखे आणि काहींचे मांस सडे. शिरेतून देताना थेंब बाहेर सांडला तर तिथली त्वचा जळे. कुणी पाणी नीट वापरले नाही, कुणी मात्रा चुकवली. काही रुग्ण दगावले. एर्लिख प्रत्येक तक्रारीची चौकशी करत, डॉक्टरांना पत्रे लिहून द्यायची रीत समजावत. १९१२ मध्ये त्यांनी निओसालवर्सान आणले. ते पाण्यात सहज विरघळे आणि द्यायला सोपे होते. म्हणजे नव्या औषधाइतकेच कष्ट त्यांनी तेच औषध नीट पोचवण्यासाठी घेतले.

तरी टीका थांबली नाही. ज्यू असल्याबद्दलचा द्वेष त्यात मिसळलेला होता. फ्रँकफर्टच्या एका पत्रकाराने सालवर्सानवर आरोपांची राळ उडवली. १९१४ मध्ये खटला चालला, एर्लिख यांची साक्ष झाली आणि पत्रकाराला शिक्षा झाली. पण तोवर एर्लिख खचले होते. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि परदेशांतल्या सहकाऱ्यांशी संबंध तुटले. डिसेंबरमध्ये त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग इथे त्यांचे निधन झाले. पुढे नाझी राजवटीत त्यांच्या नावाचा रस्ताही बदलला गेला आणि हेडविग यांना देश सोडून अमेरिकेला जावे लागले.

कर्करोगावर एर्लिख यांनी काय केले? त्यांनी उंदरांतल्या गाठींवर बरीच वर्षे काम केले. एका उंदराची गाठ दुसऱ्यात रुजवून ती वाढते कशी, थांबते कशी, हे पाहिले. रसायनेही वापरून पाहिली. पण इथे त्यांना हार मानावी लागली. कारण सोपे आहे. परजीवी परका असतो, त्याच्या अंगावर वेगळे कुलूप सापडू शकते. कर्करोगाची पेशी मात्र आपलीच असते, घरातलाच माणूस बिघडलेला. त्याला मारणारी रसायने पुढे सापडली, पण ती केसांच्या मुळांना, तोंडाच्या अस्तराला, अस्थिमज्जेलाही मारतात, कारण तिथल्या पेशीही भराभर वाढतात. त्या मुलाच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे हे उत्तर.

आता दुसरा भाग. औषध थेट लिव्हरला का देता येत नाही? काही प्रमाणात देता येते, आणि ते निसर्गाच्या एका सोयीमुळे. निरोगी यकृताला तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते आणि उरलेले धमनीतून. यकृताच्या कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सगळे रक्त धमनीतून घेते. म्हणून जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी थेट गाठीच्या धमनीपर्यंत नेता येते. तिथे औषध सोडायचे आणि मग रक्ताची वाट बंद करायची. याला वैद्यकात टेस म्हणतात. मोठ्या रुग्णालयांत हे उपचार होतात.

यात वापरतात ते डॉक्सोरुबिसिन नावाचे औषध. ते स्वतः लालभडक आहे. घेतल्यावर दिवसभर लघवीही लालसर होते, रुग्ण घाबरतात. नुसतेच धमनीत सोडले तर त्यातले बरेच वाहून अंगभर जाते आणि हृदयाला इजा करू शकते. इथे पॉलिमर मदतीला येतात. पॉलिमर म्हणजे एकाच प्रकारच्या मण्यांची लांबच लांब माळ. प्लॅस्टिकची पिशवी पॉलिमरची, तसाच आपोआप विरघळणारा टाक्याचा धागाही पॉलिमरचा. पॉलिमरचे साबुदाण्याहून कितीतरी बारीक, मऊ मणी करून त्यांत डॉक्सोरुबिसिन भरतात. ते गाठीच्या रक्तवाहिन्यांत जाऊन अडकतात, रक्त तोडतात आणि औषध हळूहळू सोडतात. जुन्या पद्धतीशी तुलना केली तेव्हा गाठ आकसण्यात ठळक फरक दिसला नाही, पण यकृताची गंभीर इजा आणि औषधाचे दुष्परिणाम कमी झाले. औषध तेच. बदलली ती पोचवण्याची रीत.

जपानमध्ये हिरोशी माएदा यांनी कर्करोगावरच्या एका औषधाला पॉलिमरची साखळी जोडली. १९९३ मध्ये ते यकृताच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. याहून एर्लिख यांच्या स्वप्नाजवळ जाणारा एक प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. यकृताच्या पेशीच्या अंगावर गॅलॅक्टोज ही साखर पकडणारा हात असतो. गॅलॅक्टोज म्हणजे दुधातल्या साखरेचा एक भाग. संशोधकांनी पॉलिमरच्या साखळीला एका बाजूने डॉक्सोरुबिसिन आणि दुसऱ्या बाजूने गॅलॅक्टोजसारखी साखर बांधली. मारणारा भाग आणि पकडणारा भाग, अगदी एर्लिख यांनी सांगितले होते तसे. रुग्णांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. औषध यकृतात खरोखर जमा झाले. पण गाठीपेक्षा जास्त वाटा गाठीभोवतीच्या यकृतानेच घेतला. बाण योग्य घरात शिरला, पण लागला भलत्याला.

पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत डॉक्सोरुबिसिन भरलेल्या आणखी एका औषधाची मोठी चाचणी २०१७ मध्ये संपली. त्यानेही रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. हे कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे असतात. उंदरांत ते गाठीत छान साठतात, माणसात तितके साठत नाहीत. शिवाय रक्तातले परके कण गिळणाऱ्या पेशी यकृतातच ठाण मांडून असतात. पेशीने रंग नाकारला की तो वाटेतच अडला, हा एर्लिख यांना चकवलेला प्रश्न आजच्या संशोधकांनाही तसाच चकवतो.

आपल्या मुंबईतही यावर काम झाले आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जुन्या लोकांच्या तोंडची यूडीसीटी, १९३३ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या विषयांत कापडाचे रसायनशास्त्र होते, आणि रंगांचे जगप्रसिद्ध अभ्यासक के. वेंकटरामन तिचे संचालक होते. त्याच संस्थेतल्या औषधनिर्माण विभागात पद्मा देवराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्सोरुबिसिन भरलेले पॉलिमरचे कण यकृताकडे नेण्याचे प्रयोग केले. २०१० मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. यकृताची पेशी ओळखेल अशी पुलुलन नावाची साखरेची साखळी त्यांनी वापरून पाहिली. हे काम प्रयोगशाळेतले आणि प्राण्यांवरचे आहे, रुग्णाच्या हाती अजून आलेले नाही. पण कापड रंगवण्यापासून औषध पोचवण्यापर्यंतची एर्लिख यांची वाट आपल्या राज्यातल्या एका संस्थेनेही चालून पाहिली, याचा मला आनंद वाटतो.

आणि आपली हळद? माझ्याकडे येणाऱ्या काविळीच्या बहुतेक रुग्णांना कोणी ना कोणी हळदीचे पाणी प्यायला सांगितलेले असते. हळदीतला कर्क्युमिन हा पिवळा घटक काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी मारतो, हे खरे आहे. पण पोटात गेल्यावर तो रक्तात फारच थोडा उतरतो, आणि जेवढा उतरतो तेवढा आतडे आणि यकृत लगेच बदलून टाकतात. म्हणून संशोधक त्यालाही पॉलिमरच्या कणांत बसवून पाहत आहेत. त्यातून यकृताच्या कर्करोगावर सिद्ध झालेला उपचार आजवर मिळालेला नाही. भाजी-आमटीतली हळद खुशाल खा. पण मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या कडक गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांनी काहींच्या यकृतालाच इजा झाली आहे. आपल्या मातीतल्या पिकाचा मलाही अभिमान आहे, पण अभिमानाने औषध जागेवर पोचत नाही.

त्या काकांना टेसचा उपयोग होऊ शकला नाही. कर्करोग पोर्टल शिरेत शिरला होता आणि यकृताची ताकद संपत आली होती. अशा वेळी धमनी बंद केली तर उरलेले यकृतही जाते. वेदना कमी करणे, पोटातले पाणी काढणे, घरच्यांना धीर देणे, एवढेच आमच्या हाती राहिले. पावसाळ्यात ते गेले. नंतर मुलाला मी परत बोलावले. या वेळी घाई केली नाही. काकांना हिपॅटायटिस बी होता, म्हणून आई, तो आणि त्याची बहीण यांचे रक्त तपासले. दोघा भावंडांना लागण नव्हती, त्यांना लस दिली. आईला होती, तिच्यावर उपचार आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सुरू केली. गाठ लहान असताना सापडली तर काढता येते, जाळता येते, नळीने औषध देता येते. काकांच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती.

यकृताचा कर्करोग बहुधा आधीच खराब झालेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, वाढती चरबी आणि मधुमेह ही त्याची मुख्य कारणे. बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका हेही एक कारण, म्हणून असे धान्य खाऊ नये. हिपॅटायटिस बी ची लस सरकारी दवाखान्यात बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत मोफत देतात. घरात बाळंतपण असेल तर ही लस दिली का, हे एकदा विचारून घ्या.

परवा तो मुलगा आपल्या नवजात लेकीला घेऊन दवाखान्यात आला होता. लसीचे कार्ड त्याने मी न मागताच पुढे केले. पहिल्याच दिवसाची नोंद त्यावर होती.